"चष्मा घरी राहिला" म्हणणाऱ्यांसाठी अ‍ॅप कसं असावं?

मधुरा_डी (रविवार, रात्री ९.४०)

नमस्कार मंडळी. फार दिवसांनी धागा काढतेय आणि तोही कामाचा, तेव्हा सांभाळून घ्या.

मी पुण्यात मोबाइल अ‍ॅपच्या डिझाइनचं काम करते. सध्या एका संस्थेसाठी बचत गटांच्या हिशोबाचं अ‍ॅप करतोय, गट बीड जिल्ह्यातले. आत्ता हिशोब असा चालतो: गटाची एक मोठी वही, प्रत्येकीचं एक पासबुक. सचिव ताई लिहिते आणि बाकीच्या "लिहिलं ना?" विचारून पदर सावरत उठतात. संस्थेचं म्हणणं, आपले किती साठले, कर्ज किती फिटलं, हप्ता कधी, हे प्रत्येकीला स्वतःच्या फोनवर कळलं पाहिजे.

गेल्या आठवड्यात पहिला नमुना घेऊन गेले. बारा बायका, समाजमंदिरात सतरंजीवर बसलेल्या. पहिल्या ताईंच्या हातात फोन दिला. त्यांनी तो लांब धरला, डोळे बारीक केले आणि म्हणाल्या, "चष्मा घरी राहिला बाई." दुसरीचाही घरीच. तिसरीचाही. पाचवी तर जेमतेम तिशीची! तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. "तुम्हाला वाचता येतं का?" असं विचारायची मला हिंमत झाली नाही, आणि त्या आपणहून सांगणार नव्हत्या.

मी बचतीसाठी पिगी बँकेचं चित्र टाकलं होतं. एक आजी बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "डुकरं पाळायला कर्ज देणार का आम्हाला?"

तर प्रश्न असा, की तुमच्या घरीदारी ज्यांना वाचायला जड जातं ती माणसं फोन कशी वापरतात? चित्रं, आवाज, मोठी अक्षरं, यातलं खरंच काय उपयोगी पडतं? पुस्तकी उत्तरं माझ्याकडे आहेत, बघितलेलं सांगा.

झंपू (रविवार, रात्री ९.५२)

डुक्कर... हहपुवा (हसून हसून पुरेवाट). आजींना माझा दंडवत कळवा.

केतकी_जे (रविवार, रात्री १०.१५)

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचं सांगते. चौथीत शाळा सुटली. अक्षरं ओळखतात, पण ओळ वाचून होईतो सुरुवात विसरते, असं त्याच म्हणतात. व्हॉट्सअ‍ॅप मात्र माझ्यापेक्षा जास्त वापरतात. सगळं बोलून पाठवायचं, आणि माणसं फोटोवरून ओळखायची. गॅसवाल्याच्या नावापुढे सिलिंडरचा फोटो, भिशीवालीच्या नावापुढे तिच्या घराचं निळं दार. हे सगळं नातवानं बसवून दिलंय.

परवा पंधरा ऑगस्टला रडकुंडीला आल्या होत्या. "ताई, माझी सगळी माणसं गेली." बघते तर जो तो तिरंग्याचा फोटो लावून बसलेला! ओळीनं पंधरा झेंडे. सुनेला करायचा फोन भिशीवालीला लागला. आपल्याला खाली नाव दिसतं म्हणून आपल्या लक्षातही येत नाही.

निवृत्त_मास्तर (सोमवार, सकाळी ६.०५)

मधुराताई, चित्र लावलं की काम झालं असं समजू नका. आपल्या देशानं हा प्रयोग फार मोठ्या प्रमाणावर केलेला आहे. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी देशात साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची वेगळी मतपेटी असे आणि पेटीवर चिन्ह चिकटवलेलं. मतदारानं कागद आपल्या चिन्हाच्या पेटीत टाकायचा. लिहिणं नाही, वाचणं नाही.

पण बैलजोडी म्हणजे काँग्रेस हे त्या चित्रात कुठे लिहिलंय? बैलजोडी म्हणजे शेतीखातंसुद्धा असू शकतं. भिंती रंगवून आणि सभा घेऊन ते चिन्ह लोकांच्या डोक्यात बसवलं गेलं. चिन्ह शिकवावं लागतं. एकदा बसलं की मग पुढच्या पिढीलाही पुरतं. २०१५ पासून मतदान यंत्रावर उमेदवाराचा फोटोही येऊ लागला, तरी आमच्या गल्लीत आजही लोक चिन्हच विचारतात.

गोळीवाला (सोमवार, दुपारी २.३०)

मास्तरांना +१. माझं औषधांचं दुकान आहे, निमशहरी गावात. डॉक्टर चिठ्ठीवर १-०-१ लिहितात, म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. एका आज्यांनी मला विचारलं होतं, "एकशे एक गोळ्या? किती महिन्यांत संपवायच्या?" हसू नका, त्यांनी बरोबरच वाचलं होतं!

तेव्हापासून मी पाकिटावर मार्करनं सूर्य आणि चंद्र काढतो. पण त्यातही गंमत. अर्धा सूर्य सकाळचा काढला तर एकानं तो संध्याकाळचा मावळता समजला. आता सकाळच्या पाकिटावर कपबशी काढतो आणि रात्रीच्यावर चंद्र. कपबशी अजून कोणाची चुकली नाही.

दुसरी गोष्ट रंगाची. लोक गोळी रंगावरून लक्षात ठेवतात: बीपीची गुलाबी, साखरेची पांढरी लांबट. कंपनीनं पट्टीचा रंग बदलला की दुकानात भांडणं. तेव्हा अ‍ॅपमध्ये दर सहा महिन्यांनी नवं रंगरूप करायची जी तुम्हा लोकांना हौस असते ना, ती आवरा.

न्यूजर्सीची_नर्स (सोमवार, रात्री ८.११)

गोळीवाले काका, कपबशी झकास! आमच्याकडे इस्पितळातून घरी सोडताना जे कागद देतात ते सहावीच्या मुलाला कळतील अशा भाषेत असावेत, अशी अमेरिकन मेडिकल असोसिएशनची शिफारस आहे. इथेही लोक चष्माच विसरतात बरं का. नाहीतर म्हणतात, "घरी जाऊन निवांत वाचीन."

त्यावर आम्हाला शिकवलेली युक्ती अशी. "कळलं का?" असं कधीही विचारायचं नाही, कारण उत्तर "हो"च येतं. त्याऐवजी, "मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय, आता घरी गेल्यावर तुम्ही काय काय कराल ते मला सांगा." परीक्षा आपली होते, पेशंटची नाही. तुमच्या अ‍ॅपची चाचणीही अशीच घ्या.

अनुस्वार (सोमवार, रात्री ९.२६)

चर्चा चांगली आहे, परंतु मूळ मुद्द्याला कोणी हात घातलेला नाही. मराठी अ‍ॅपांमधली मराठी बघा: सबमिट करा, कन्फर्म करा, अपडेट करा. बायकांना वाचता येत नाही म्हणता, पण वाचून दाखवलं तरी कळणार आहे का? 'सादर करा', 'पुष्टी करा', 'अद्ययावत करा' असे आपले शब्द वापरले तर निम्मा प्रश्न सुटेल.

बीडचा_बंड्या (सोमवार, रात्री ९.४०)

अनुस्वारराव, आमच्याकडं सादर फक्त नमस्कार करतेत. आन् पुष्टी म्हशीला येती.

झंपू (सोमवार, रात्री ९.४१)

बंड्या, जिंकलास.

केतकी_जे (सोमवार, रात्री ९.५८)

हसण्यावारी नेऊ नका, खरंच आहे. आमच्या मावशींना 'रद्द करा' कळत नाही, 'कॅन्सल' कळतं. 'शिल्लक' कळतं, 'उपलब्ध रक्कम' नाही. 'हस्तांतरण' ऐकून त्यांना जमिनीचा व्यवहार वाटला!

अनुस्वार (सोमवार, रात्री १०.२०)

हस्तांतरणाचं मान्य, तो शब्द मलाही आवडत नाही. पण मग 'सबमिट'ही नको. 'पाठवा' म्हणा की! 'पाठवा', 'थांबा', 'मागे', 'झालं'. यात संस्कृतही नाही आणि इंग्रजीही नाही. फॉर्म पाठवायचाच असतो ना शेवटी?

मधुरा_डी (सोमवार, रात्री ११.०२)

अनुस्वार, 'पाठवा' उचललं! आणि 'झालं' तर फारच गोड आहे. आत्ता तिथे 'यशस्वीरीत्या जतन केले' लिहिलंय, आणि ते मीच लिहिलंय.

आता माझीच एक फजिती. दुसऱ्या नमुन्यात मी अभिमानानं सगळे आकडे मराठी केले. एका काकूंच्या खात्यात शिल्लक होती १४० रुपये. त्यांनी बोट ठेवून वाचलं, "नऊशे ऐंशी!" आणि चेहरा असा खुलला की विचारू नका. नंतर माझ्या लक्षात आलं. मराठी एक त्यांना इंग्रजी नऊसारखा दिसला आणि मराठी चार इंग्रजी आठसारखा. नोटा, फोनची बटणं, बसचे नंबर, सगळीकडे त्या इंग्रजी आकडेच बघतात. अक्षर एक येत नाही, पण दहा आकडी मोबाइल नंबर पटापट लावतात. आणि मी मराठीच्या प्रेमापोटी त्यांना येत होतं तेच काढून घेतलं. १४० आहेत हे सांगताना मला इतकं वाईट वाटलं!

निवृत्त_मास्तर (मंगळवार, सकाळी ६.१०)

अरेरे. मराठी शाळेत जन्म घालवलेल्या मला हे वाचून त्रास झाला, पण निरीक्षण अचूक आहे.

रेषा (मंगळवार, सकाळी ११.३५)

मधुरा, पुस्तकी नको म्हणालीस तरी दोन कामं सांगतेच, कारण दोन्ही माणसांत बसून केलेली आहेत.

आपल्या पवईच्या आयआयटीत अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'रांगोळी' नावाची फोनवही केली होती, २००८ मध्ये ती परिषदेत मांडली. त्यात माणूस शोधायचा तो रंगावरून, चित्रावरून आणि पडद्यावरच्या जागेवरून. केतकीच्या मावशींचं निळं दार तेच आहे बघ. आपण मिसळणाचा डबा उघडतो तेव्हा हळद कुठे आहे ते वाचतो का? जागा पाठ असते. म्हणून पडद्यावरच्या वस्तू जागा बदलता कामा नयेत.

दुसरं बंगळुरूचं. मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये इंद्राणी मेढी यांनी घरकाम करणाऱ्या बायकांबरोबर, काम शोधण्यासाठी अजिबात अक्षरं नसलेलं सॉफ्टवेअर करून पाहिलं, २००६ च्या सुमारास. कामाचं चित्र काढायचं तर त्यात हालचाल लागते. नळातून पाणी पडताना दाखवलं, किटलीतून वाफ निघताना दाखवली, की कृती कळते. नुसतं चित्र काढलं तर ती वस्तू होते. त्याहून मोठा अडथळा वेगळाच निघाला: हे यंत्र माझ्या कामाचं कसं, यात माहिती येते कुठून, हेच त्यांना पटत नव्हतं. मग त्यांनी सुरुवातीला ती सगळी गोष्ट सांगणारा व्हिडिओ जोडला.

आणि हो, एकात एक मेनू नको. तीन पायऱ्या आत गेल्यावर आपणही हरवतो.

भटकभवानी (मंगळवार, दुपारी १.१५)

थोडं अवांतर. मेक्सिको सिटीच्या मेट्रोत प्रत्येक स्थानकाला स्वतःचं चित्र आहे. १९६९ ला मेट्रो सुरू झाली तेव्हा बऱ्याच लोकांना वाचता येत नसे, म्हणून लान्स वायमन या डिझायनरनं ही चित्रं केली. चापुल्तेपेकला टोळ, कारण तिथल्या जुन्या नावात टोळ आहे. मला स्पॅनिशचा गंध नाही, पण आठवडाभर टोळावरून चढून कोल्ह्यासारख्या कुठल्याशा प्राण्यावर उतरत होते. तिथे निरक्षर मीच.

झंपू (मंगळवार, दुपारी १.३०)

आमची आजी येष्टी ड्रायव्हरच्या मिशीवरून ओळखायची. त्यानं मिशी काढली त्या दिवशी ती तालुक्याऐवजी भलत्याच गावाला गेली.

नर्मदाकाठ (मंगळवार, सायंकाळी ७.४४)

मी नंदुरबार जिल्ह्यात शिक्षक आहे, धडगावच्या बाजूला. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ८२.३ टक्के आणि नंदुरबारची ६४.४. त्यात जनगणनेत कोणी वाचायला लावत नाही, विचारतात आणि लिहून घेतात. म्हणजे मधुराताईंच्या चष्मेवाल्या त्यात साक्षर म्हणूनही गेल्या असतील.

सगळे आवाज आवाज म्हणताहेत म्हणून सांगतो. आमच्याकडे घरात पावरी आणि भिली बोलतात. एका योजनेचा आवाजी फोन यायचा, "कृपया आपला पर्याय निवडा." माझ्या विद्यार्थ्याची आई फोन कानाला लावून शांतपणे ऐकायची आणि खाली ठेवायची. मी विचारलं, काय म्हणाली ती? "शहरातली बाई आहे, चांगली बोलते." एवढंच. आम्ही गावातल्या मुलीच्या आवाजात तेच पावरीत करून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं, तर दुसऱ्या दिवशी कागद घेऊन बायका हजर.

छत्तीसगडमध्ये २०१० पासून सीजीनेट स्वर चालतं, तेही बघा. मिस्ड कॉल द्यायचा, उलटा फोन येतो, त्यात आपलं म्हणणं गोंडीत बोलायचं आणि दुसऱ्यांचं ऐकायचं. वाचण्याचा संबंधच नाही आणि साधा फोन पुरतो.

बँकेतला_माजी (मंगळवार, रात्री ९.०५)

साध्या फोनवरून आठवलं. ८ मार्च २०२२ ला रिझर्व्ह बँकेनं यूपीआय १२३पे आणलं, बटणांच्या फोनसाठी, इंटरनेटशिवाय. फोन लावून, ऐकून पैसे पाठवता येतात.

मी गावात बायकांना एकच वाक्य शिकवतो: पैसे घ्यायला पिन लागत नाही. कोणी "पैसे आलेत, पिन टाका" म्हणाला तर फोन ठेवा. न वाचणाऱ्याला फसवणारा पहिल्यांदा इथेच गाठतो, कारण पडद्यावर 'पैसे द्या' लिहिलंय की 'घ्या' हे त्याला दिसत नाही. मधुरा, तुझ्या अ‍ॅपमध्ये येणारे आणि जाणारे पैसे लांबूनही वेगळे दिसले पाहिजेत.

गॅरेजवाला (मंगळवार, रात्री ११.३३)

नमस्कार मी रोज वाचतो म्हणजे मोबाईल वाचून दाखवतो मी ऐकतो हा प्रतिसाद पण मी बोलून लिहितोय चुका माफ करा माझं शिक्षण चौथी टू व्हीलरचं गॅरेज आहे बावीस वर्ष झाली इंजिन खोलून परत बसवतो पण फॉर्म भरता येत नाही तुम्ही सगळे चांगलं बोलताय फक्त एक सांगतो लहान मुलांची चित्र काढू नका आम्ही लहान नाही मला एकानं अ‍ॅप दाखवलं त्यात ससा येऊन सांगतो आता हे बटन दाबा गिऱ्हाईकासमोर ससा बोलला मला लाज वाटली

दुसरं आवाज मोठ्यानं नको दुकानात पैसे आले की डबी बोलते ते चांगलं आहे ते सगळ्यांनी ऐकलं पाहिजे पण माझ्या खात्यात किती आहेत ते शेजारच्यानं का ऐकावं फोन कानाला लावला की बोलायला पाहिजे नेहमीच्या फोनसारखं म्हणजे बघणाऱ्याला वाटतं फोनवर बोलतोय

आणि भीती वाचण्याची नाही चुकीचं बटन दाबलं तर पैसे जातील याची आहे नट उलटा फिरवला तर निघतो तसं प्रत्येक गोष्टीला उलटं फिरवायची सोय पाहिजे बस एवढंच कार्बोरेटर

(शेवटचा शब्द पोरानं मागून विचारलेला आहे तो पण लिहिला गेला)

अनुस्वार (मंगळवार, रात्री ११.५०)

विरामचिन्हांवर मी या संकेतस्थळावर आयुष्य घालवलंय. या प्रतिसादात एकही नाही आणि एकाचीही गरज वाटली नाही. गॅरेजवाले, लिहीत राहा. बोलत राहा.

गोळीवाला (बुधवार, सकाळी १०.२०)

कार्बोरेटर तसाच ठेवा, काढू नका.

मधुरा_डी (बुधवार, सकाळी ११.०५)

गॅरेजवाले दादा, तुमचा प्रतिसाद मी आमच्या कचेरीत मोठ्यानं वाचून दाखवला. आमच्याकडे ससा नव्हता, पण एक हसरी चिमणी होती. होती. आता उडाली.

फोन कानाला लावला की बोलणं सुरू होईल हे करता येतं, फोनला तेवढं कळतं. पुढच्या महिन्याच्या बैठकीला नवा नमुना घेऊन जाते आणि इथे सांगते.

मधुरा_डी (पाच आठवड्यांनी, शनिवार, रात्री १०.१५)

धागा वर काढतेय. परवा जाऊन आले.

डुकराच्या जागी आता त्यांच्याच गटाच्या पत्र्याच्या पेटीचा फोटो आहे, कुलपासकट. कोणाला काही सांगावं लागलं नाही. कर्जाला काय चित्र लावायचं यावर मी महिनाभर डोकं खाजवलं. शेवटी त्यांनाच विचारलं. एका ताईंनी पासबुकाचं पान उघडून दाखवलं: सचिव ताई प्रत्येक हप्त्याला एक चौकोन भरते. म्हणाल्या, "असं कर ना, मोजता येतं." आता पडद्यावर दहा चौकोन आहेत, भरलेले हिरवे आणि उरलेले रिकामे. आकडे इंग्रजी. आवाज गटाच्या सीआरपी ताईंचा (गटांना मदत करणारी गावातलीच कार्यकर्ती), त्यांच्याच बोलीत, फोन कानाला लावल्यावरच येणारा. एकच पान, आत जायचं काही नाही.

"कळलं का" असं एकदाही विचारलं नाही. नर्सताईंच्या पद्धतीनं म्हटलं, शेजारणीला सांगून दाखवा. पहिल्याच ताईंनी (त्याच, पहिल्या चष्मेवाल्या) चौकोन मोजले, परत मोजले, आणि सचिव ताईंकडे वळून म्हणाल्या, "आखाडातला माझा हप्ता कुठंय?" वही उघडली. खरंच राहिला होता लिहायचा. सचिव ताई जरा ओशाळल्या, मग सगळ्यांनी आपापले चौकोन मोजायला घेतले आणि बैठक दीड तास लांबली.

न जमलेलंही सांगते. तिघींचा फोन मुलाकडे किंवा नवऱ्याकडे असतो. नवऱ्यानं फोन कानाला लावला तर तिची बचत त्याला ऐकू येते. एकीनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "माझं ते बोलणं बंद कर." सध्या केलंय बंद. तिचा हिशोब ती सीआरपी ताईंच्या फोनवर बघेल, पण हा काही उपाय म्हणवत नाही.

आणि व्याज. चोवीस टक्के वार्षिक हे कोणालाच कळत नाही. कसं दाखवू?

बीडचा_बंड्या (शनिवार, रात्री १०.३१)

टक्के म्हणूच नका. शेकडा दोन रुपये म्हणा, महिन्याला. शेंबडं पोरगं बी सांगतंय.

बँकेतला_माजी (शनिवार, रात्री १०.४०)

बंड्या बरोबर आहे. शंभराची एक नोट आणि शेजारी दोनचं नाणं, असा फोटो लाव. बाकी काही लिहू नकोस.

झंपू (शनिवार, रात्री १०.४४)

दोनचं नाणं नीट बघून लाव. एक, दोन आणि पाचमध्ये मी स्वतः दर वेळी फसतो, आणि माझा चष्मा माझ्या नाकावर असतो.

गॅरेजवाला (शनिवार, रात्री ११.२०)

ताई आमच्या मंडळींचा पण गट आहे चौदा बायका हे अ‍ॅप त्यांना मिळेल का हप्त्याचं भांडण दर महिन्याला आमच्या दारात असतं

मधुरा_डी (शनिवार, रात्री ११.२६)

दादा, व्यनि (खासगी निरोप) केलाय. बोलून केलाय, ऐका.